आळेफाट्याचं दूध आणि थेंबाभोवतीचा पापुद्रा

पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता एकमेकांना छेदतात तिथे आळेफाटा आहे. फाट्याला ज्याचं नाव मिळालं ते आळे गाव वारकऱ्यांना रेड्याच्या समाधीमुळे माहीत असतं. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याने आळंदीच्या वाटेवर इथे देह ठेवला आणि इथेच त्याला समाधी दिली गेली, अशी श्रद्धा आहे. जनावराच्या समाधीला नमस्कार करणाऱ्या या गावाच्या फाट्यावर आज संकरित गाईंचा नावाजलेला बाजार भरतो. पहिल्या वेताची, दुसऱ्या वेताची, गाभण, दुभती अशा ओळखीने गाय उभी केली जाते. घेणारा आधी कास बघतो, मग सड बघतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो.

आळे ज्या जुन्नर तालुक्यात आहे त्याचा आणि शेजारच्या आंबेगावचा इतिहास सांगताना सातवाहन येतात, लेणी येतात, शिवनेरी येते. दूध क्वचितच येतं. खरं तर या दोन तालुक्यांच्या घराघरांत पैसा आणण्यात गेल्या पन्नास-साठ वर्षांत दुधाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याआधीची कित्येक शतकं इथलं दूध लोणी-तुपाच्या रूपाने घरात आणि बाजारात फिरत होतं. दुधाच्या व्यापाराचं प्रत्येक वळण मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीवर बेतलेलं आहे: दुधातल्या स्निग्धांशाच्या थेंबाभोवती असलेला पापुद्रा.

हा थेंब एका मिलिमीटरच्या साधारण अडीचशेव्या भागाएवढा. एक मिलिलिटर दुधात असे अब्जावधी थेंब तरंगत असतात. पाण्यात तूप ओतलं तर ते वर येऊन एकत्र होतं, दुधात तसं होत नाही. कारण प्रत्येक थेंबाला फॉस्फोलिपिड आणि प्रथिनं यांचं, म्हणजे स्निग्ध पदार्थ आणि प्रथिन यांनी मिळून बनलेलं आवरण असतं. रसायनशास्त्रात अशा जोडीला लायपोप्रोटीन म्हणतात. या आवरणावर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार एकमेकांना दूर ढकलतो, त्यामुळे थेंब शेजारी आले तरी मिसळत नाहीत. दूध दूध म्हणून टिकतं ते या पापुद्र्यामुळे. लोणी, तूप, पिशवीतलं दूध यांतली प्रत्येक वस्तू तयार होते ती पापुद्र्यात काही ना काही बदल केल्यावर.

हा बदल आधी कळला तो घुसळखांबाशी उभ्या राहणाऱ्या बायकांना.

ज्या काळी ना डांबरी रस्ता होता ना बर्फ, त्या काळी घाटमाथ्यावरचं दूध दूध म्हणून फार लांब जाऊच शकत नव्हतं. उन्हाळ्यात सकाळचं दूध दुपारपर्यंत नासायचं. लांब जायचं ते तूप. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी वृत्तांतात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. तीत गहू, तांदूळ, तिळाचं तेल, सुती कापड यांच्याबरोबर तूप आहे. त्याच ग्रंथात कल्याण बंदराचाही उल्लेख येतो, आणि जुन्नरहून कल्याणला उतरणारी वाट नाणेघाटाची. यादीतलं तूप जुन्नरचंच होतं असं ग्रंथ म्हणत नाही. पण नाणेघाटाच्या लेण्यातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञांच्या दक्षिणेची जी मोजदाद कोरलेली आहे, तिच्यात गाई हजारांनी आहेत. संपत्ती गाईंत मोजणारा हा मुलूख होता.

दुधाचं तूप करायचं तर पापुद्रा फोडावा लागतो, आणि नुसत्या जोराने तो नीट फुटत नाही. म्हणून आधी विरजण. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढलं की थेंबाच्या पृष्ठभागावरचा ऋण भार कमी होत जातो, दुधातल्या केसीन प्रथिनाचाही भार जातो आणि सामू (pH) 4.6 च्या आसपास आला की दही घट्ट बसतं. थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवणारा जोर आता उरलेला नसतो. त्यानंतर रवी फिरते. घुसळताना हवेचे बुडबुडे आत येतात, थेंब त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात, पापुद्रा ताणून फाटतो आणि आतली स्निग्धता एकमेकींना मिळते. यासाठी थेंबातली चरबी थोडी गोठलेली, थोडी पातळ असावी लागते. गोठलेल्या भागाचे बारीक स्फटिक शेजारच्या थेंबाचा पापुद्रा भेदतात. सगळी चरबी पातळ झाली तर दाणा धरत नाही, सगळी गोठली तर थेंब मिळत नाहीत.

घरातल्या बाईला स्फटिक ठाऊक नव्हते, पण नियम तोंडपाठ होता. उन्हाळ्यात डेऱ्यात गार पाणी, थंडीत कोमट. घुसळायचं ते पहाटे. रवीचा आवाज बदलला, फेस बसला आणि रवीच्या पाकळ्यांना पिवळसर कण दिसू लागले की हात हलका करायचा, कारण नंतर जोर लावला तर लोण्यात ताक कोंडतं. मग लोणी गोळा करून गार पाण्यात दोन-तीनदा धुवायचं. पृष्ठभागाचा भार, तापमान आणि जोर या तिन्हींचा मेळ घालण्याचं हे कसब कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधीचं आहे. ते आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे गेलं.

फाटलेला पापुद्रा कुठे गेला? बराचसा ताकात. ताक पातळ असूनही अंगाला लागतं, त्यात या आवरणातल्या फॉस्फोलिपिडांचा वाटा असतो. उरलेला लोण्याबरोबर कढईत जातो. लोणी कढवताना आधी मोठा फेस येतो, मग पाणी उडून जाताना तडतड ऐकू येते, ती थांबली की तळाशी तांबूस बेरी बसलेली दिसते. कुणी त्यात विड्याचं पान टाकतं. ही बेरी म्हणजे करपलेला गाळ नव्हे. पापुद्र्यातली आणि ताकातली प्रथिनं दुधाच्या साखरेबरोबर भाजून तिच्यातला खमंगपणा येतो. शिवाय कढ पुरेसा चढला की बेरीतली फॉस्फोलिपिडं काही प्रमाणात तुपात उतरतात आणि तुपाला खवट होण्यापासून राखतात. बेरी बसण्याआधीच उतरवलेलं तूप लवकर वास मारतं, हा अनुभव जुन्या घरांत होताच. मुलं मात्र बेरी साखर घालून खायला टपून असायची, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

या व्यवहारात गाय दुधासाठी नव्हती. जुन्नरच्या पूर्व पट्ट्यात, शेजारच्या नगर जिल्ह्यात गाय पाळली जायची ती खोंडासाठी. बेल्ह्याचा बाजार आजही बैलांसाठी ओळखला जातो. खिल्लार औताला आणि शर्यतीला, अकोल्याच्या डोंगरातली डांगी पावसाळी मावळाला. या गाईंचं दूध वासराचं पोट भरून उरलं तर घरात यायचं. तुपासाठी म्हैस. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या जवळपास दुप्पट, थेंब मोठे आणि रंग पांढरा, कारण तिच्या दुधात कॅरोटीन उतरत नाही.

चित्र पालटलं ते मुंबईच्या तहानेमुळे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचं बरंचसं दूध शहरातल्याच तबेल्यांतून यायचं आणि त्यात पाणी किती हे विकणाऱ्यालाच माहीत असायचं. दारा खुरोडी यांनी 1949 साली आरे दूध वसाहत उभी केली आणि म्हशीच्या दाट दुधात दूधभुकटी व पाणी मिसळून ‘टोण्ड’ दूध लोकांना परवडेल अशा भावात दिलं. 1963 चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मिळाला.

याच आरे प्रकल्पाच्या सल्लागारांत एक मराठी बाई होत्या आणि त्यांचं नाव दूधवाल्या मुलखात अजून पुरेसं पोचलेलं नाही. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून पहिल्या येऊनही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून त्यांना घेतलं गेलं आणि तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परत आल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. आरेसाठी त्यांनी दूध नासू नये म्हणून पद्धत बसवून दिली. दूध नासतं ते केसीनच्या कणांवरचा राखणारा थर निकामी झाल्यामुळे. म्हणजे डेऱ्याजवळची बाई रोज कणाच्या पृष्ठभागावर काम करत होती, आणि प्रयोगशाळेतली बाईही कणाच्या पृष्ठभागावरच काम करत होती. एकीला दूध हवं तेव्हा फोडायचं होतं, दुसरीला ते फुटू द्यायचं नव्हतं.

पुणे जिल्हा सहकारी दूध संघ, लोकांच्या तोंडी ‘कात्रज डेअरी’, 1960 मध्ये सुरू झाला. 1967 मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला ‘बायफ’ या संस्थेची स्थापना केली. गांधीजींबरोबर 1946 मध्ये तिथे आलेले मणिभाई निसर्गोपचाराचं काम करता करता गोपालनाकडे वळले, आणि होल्स्टीन व जर्सी वळूंच्या गोठवलेल्या रेताने गावठी गाईंचा संकर शेतकऱ्याच्या दारात नेऊन पोचवणं हे संस्थेचं मुख्य काम झालं. पुढे कुकडी प्रकल्पाची धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे. पाणी आलं, ऊस आला, उसाबरोबर वाढं आणि हिरवा चारा आला. खोंडासाठी पाळली जाणारी गाय दुधासाठी पाळली जाऊ लागली. आळेफाट्याचा गाय बाजार हे या बदलाचं फळ आहे.

गावोगावी संकलन केंद्रं उघडली तेव्हा दुधाच्या भावाला माप हवं होतं. ते माप स्वित्झर्लंडच्या निकलाउस गेर्बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दिलं. ‘फॅट लावणं’ ज्यांनी पाहिलंय त्यांना काचेची ती लांब मानेची नळी आठवेल. आधी 10 मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर नळीच्या कडेने हळूच 10.75 मिलिलिटर दूध, वर 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट लावून नळी हलवली की ती हाताला चटका बसेल इतकी तापते आणि आतलं दूध तपकिरी, मग काळपट होतं. आम्ल केसीन विरघळवतं, थेंबाभोवतीचा पापुद्रा जाळून टाकतं. मग नळ्या यंत्रात गरगर फिरवल्या की मोकळी झालेली चरबी पिवळ्या पट्टीसारखी मानेत चढते आणि आकडा वाचता येतो. साडेतीन, चार, सात. शेतकऱ्याच्या महिन्याची मिळकत त्या पट्टीच्या उंचीवर ठरायची.

पुढे इलेक्ट्रॉनिक टेस्टर आले. त्यांत आम्ल नाही. रसायनाने केसीन विरघळवायचं, थेंब बारीक करायचे आणि त्यांतून जाणारा प्रकाश किती विखुरतो ते मोजायचं. पद्धत बदलली, पण भाव मात्र आतल्या चरबीचा आणि ‘एसएनएफ’चाच, म्हणजे चरबी सोडून उरणाऱ्या घन भागाचाच राहिला. पापुद्रा वेगळा कधी कुणी मोजला नाही.

वाहतुकीच्या काळात पापुद्र्याचं दुसरं रूप कळलं. गाईच्या कासेत रक्तातल्या लायपोप्रोटीन कणांमधली चरबी फोडून घेणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, दुधातल्या चरबीचा मोठा भाग त्यातूनच येतो. हेच विकर थोडंसं दुधातही उतरतं. पापुद्रा शाबूत असेपर्यंत त्याला चरबी सापडत नाही. कॅनमध्ये दूध फार डुचमळलं, पंपातून जोरात गेलं, की पापुद्रा फाटतो, लायपेज चरबीपर्यंत पोचतं आणि दुधाला खवट वास येतो. पुढे बल्क कूलर आले आणि दूध चार अंशांवर थांबू लागलं. गार केल्यावर गाईच्या दुधावर मलई झटपट चढते, कारण तिच्या दुधातली काही प्रथिनं थंडीत थेंबांना चिकटून त्यांचे पुंजके करतात. म्हशीच्या दुधात ही चिकटण्याची करामत नाही.

शहरी गिऱ्हाइकाची एक तक्रार मात्र आजही ऐकू येते: पिशवीच्या दुधावर पूर्वीसारखी जाड साय येत नाही, म्हणजे त्यात नक्की काहीतरी भेसळ आहे. अनेकदा कारण वेगळंच असतं. 1899 मध्ये ओग्युस्त गोलँ या फ्रेंच माणसाने दूध अतिशय दाबाने बारीक फटीतून ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. होमोजिनायझेशन ते हेच. थेंब एका मायक्रॉनहून लहान होतात, त्यांचा एकूण पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि मूळ पापुद्रा तेवढ्याला पुरत नाही. उघड्या पडलेल्या जागेवर केसीन येऊन बसतं. असा थेंब वर तरंगत येत नाही, म्हणून साय पातळ. दूध अस्सल असतं, थेंबाचा अंगरखा मात्र बदललेला असतो. ग्राहकाच्या मनातला हा गैरसमज दूध संघांनी गिऱ्हाइकाशी बोलून दूर करायला हवा होता आणि त्यात ते कमी पडले.

1992 मध्ये मंचरजवळ पराग मिल्क फूड्स सुरू झाली आणि आंबेगावच्या दुधाचं तूप ‘गोवर्धन’ नावाने, पुढे चीजही, देशभर जाऊ लागलं. कारखान्यातलं तूप सहसा विरजणाच्या वाटेने जात नाही. 1878 च्या गुस्ताफ द लाव्हाल यांच्या यंत्राच्या वंशातला सेपरेटर दुधातून मलई वेगळी काढतो, मलईचं लोणी, लोण्याचं तूप. चीजची वाट आणखी वेगळी. चीजसाठी दुधात घालतात त्या रेनेटमधलं विकर केसीनच्या कणावरचे ऋण भाराचे केसाळ धागे कापून टाकतं, त्याबरोबर कण एकमेकांना धरतात. विरजणात आम्ल भार घालवतं, चीजमध्ये विकर भार धारण करणारा भागच छाटतं.

पृष्ठभाग बदलला की कणाचं नशीब बदलतं, हे माणसाच्या रक्तातही खरं आहे. आपल्या रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एलडीएल कणही याच बांधणीचा: आत चरबी, बाहेर फॉस्फोलिपिड आणि प्रथिन. 1979 मध्ये अमेरिकेत डॅलसला जोसेफ गोल्डस्टीन, वाय. के. हो, संदीप बसू आणि मायकेल ब्राउन यांनी एलडीएलच्या प्रथिनातल्या लायसीनवर अ‍ॅसिटिल गट चढवला. एवढ्याने लायसीनचा धन भार गेला, कणाचा ऋण भार वाढला. पत्ता खोडलेलं पाकीट भलत्याच घरी पडावं तसं झालं. पेशींवरचा नेहमीचा ग्राही (रिसेप्टर) त्याला ओळखेना, आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी मात्र त्याला अधाशासारखं आत घेऊ लागल्या. शरीरात हे काम ऑक्सिडीकरणाने होतं आणि मधुमेहात साखर लायसीनला चिकटल्यानेही कणाचं रूप बिघडतं. चरबीने फुगलेल्या अशा पेशींचा थर रक्तवाहिनीच्या भिंतीत साठत जातो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं ते एलडीएल ग्राहीच्या शोधासाठी. संदीप बसू भारतात परतले आणि दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संचालक झाले.

दुधाचा पापुद्रा आणि रक्तातलं एलडीएल यांची थेट भेट 2015 मध्ये स्वीडनमधल्या एका प्रयोगात झाली. जादा वजनाच्या लोकांना आठ आठवडे रोज 40 ग्रॅम दुधाची चरबी दिली. एका गटाला पापुद्रा शाबूत असलेल्या मलईतून, दुसऱ्याला पापुद्रा काढलेल्या बटर ऑइलमधून. दुसऱ्या गटाचं एलडीएल वाढलं, पहिल्याचं तसं वाढलं नाही. एका प्रयोगावरून कुणी ताटातलं तूप कमी-जास्त करू नये. पण चरबी तेवढीच असून गुण वेगळा, याचा अर्थ एवढाच की फॅटच्या आकड्यात दुधाची सगळी किंमत मावत नाही.

या दोन तालुक्यांत विरजण लावण्यापासून बेरी उतरवण्यापर्यंतचं काम आयुष्यभर हाताने केलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. कोणत्या महिन्यात पाणी किती कोमट, म्हशीच्या आणि गाईच्या दह्याला रवी किती वेळ, तूप उतरवायची खूण कोणती, हे सगळं त्यांच्याकडे आहे आणि बहुतेक ठिकाणी कागदावर आलेलं नाही. आळे, बेल्हे, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवावं, आणि ते याच वर्षी पाठवावं.